मशरूमचं सारण भरलेली राविओली आणि हर्ब बटर: कुठे बिघडतं?

लाटणंपोळपाट

शनिवारी आठ जणांसाठी मशरूम भरलेली राविओली करायची आहे, वर बटर आणि हर्ब्जचा सॉस. पास्ता मशीन नाही, पोळपाट-लाटणंच. अंडं चालणार नाही. चार जणांच्या मापाने एकदा करून पाहिली तर तीन गोष्टी बिघडल्या. निम्म्या राविओली पाण्यात उघडल्या. ज्या टिकल्या त्यांच्या कडा कच्च्या पिठासारख्या लागल्या. आणि सॉस असा की बटर वेगळं, पाणी वेगळं, ताटलीत नुसतं तेलाचं तळं.

कृती अशी: मैदा २०० ग्रॅम, दोन चमचे तेलाचं मोहन, पाणी अंदाजाने. मशरूम मिक्सरमधून काढून पाच मिनिटं परतले, त्यात किसलेलं पनीर. सेजची पानं इंदुरात मला तरी दिसली नाहीत, त्याऐवजी काय घालू तेही सांगा.

कातणं

ताई, करंजीचा हात आहे तुमचा, हे मोहनावरूनच कळलं. करंजी येते म्हणजे राविओलीचं अर्धं काम येतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे करंजीच्या सवयी सोडणं.

पहिली सवय मोहनाची. करंजीची पारी तळल्यावर खुसखुशीत व्हायला हवी, म्हणून तेल-तूप घालून पिठाचा चिवटपणा मोडतो. राविओलीत नेमका तो चिवटपणाच हवा, कारण तिला तीन-चार मिनिटं उकळत्या पाण्यात अख्खं राहायचंय. मोहन घातलेली पारी पाण्यात फुसकते, आणि कडांना तेल असलं की त्या एकमेकींना धरत नाहीत. मोहन पूर्ण बंद.

दुसरी सवय पोकळीची. करंजी फुगलेली छान दिसते. राविओलीत अडकलेली हवा गरम झाली की फुगते आणि सगळ्यात कच्च्या जागी कड उघडते. सारणाभोवती बोटाने दाबत हवा बाहेर काढायची, मग कड बंद करायची.

तिसरी सवय ओल्या फडक्याची. लाटायच्या आधीचे गोळे ओल्या फडक्याखाली, हे बरोबर. पण भरून झालेल्या राविओली झाकायच्या नाहीत. रवा भुरभुरलेल्या ताटात सुट्या ठेवा, १५-२० मिनिटं जरा सुकू द्या, मध्ये एकदा उलटा. झाकल्या तर खालून ओल्या होऊन ताटाला चिकटतात आणि उचलताना तळ फाटतो.

कडा कच्च्या का राहिल्या? कडेला पारी दुहेरी असते. मधली जागा एक मिलिमीटर असेल तर कड दोन. कातण्याने कापायच्या आधी कडेचा भाग बोटाने दाबून जवळजवळ एकेरी जाडीचा करायचा. करंजीला आपण कड मुरडतो, इथे मुरड नकोच.

रवामैदा

पिठाचं माप चार जणांसाठी देतो, म्हणजे साधारण ३० नग:

चिरोटी रवा १०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, कोमट पाणी १०० मिली, पाव चमचा मीठ.

पाणी पिठाच्या निम्मं, वजनावर. अंदाजाने घालू नका. पहिली पाच मिनिटं गोळा कोरडा, भेगाळलेला दिसेल आणि हात आपोआप पाण्याकडे जाईल. तिथे थांबायचं. रवा पाणी सावकाश पितो. जमेल तसा गोळा करून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ८-१० मिनिटं तळहाताच्या टाचेने रेटून मळा. बोट दाबलं की खळगा हळूहळू वर यायला हवा. मग पुन्हा ३०-४० मिनिटं झाकून विश्रांती. ही विश्रांती वगळली तर लाटताना पारी आक्रसते, मग आपण जोर लावतो आणि ती मध्येच पातळ होते.

चिरोटी रवा नसेल तर बारीक सूजी मिक्सरमधून मिनिटभर फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. शिरा-उपम्याचा रवा तसाच वापरला तर कण टोचतात आणि पातळ लाटताना पारीला भोकं पडतात.

छावणीकर

रव्याचा विषय निघालाच आहे तर इंदूरकरांसाठी एक गोष्ट. इटलीत अंड्याशिवायचा पास्ता ज्या कठीण गव्हाचा करतात, तो ड्युरम गहू आपल्या माळव्यात पिकतो. इथल्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या प्रादेशिक केंद्रातून निघालेले पूसा तेजस म्हणजे एचआय ८७५९ आणि मालव शक्ती म्हणजे एचआय ८४९८, हे दोन्ही ड्युरमच. बाफल्यांसाठी, म्हणजे आधी उकडून मग भाजायच्या कणकेच्या गोळ्यांसाठी, माळवी गव्हाचा जाडा आटा दळून आणता ना, तोच हा.

पण बाफल्याचा आटा जसाच्या तसा लाटू नका. त्यातला कोंडा पातळ पारीत चिवटपणाचे धागे कापतो. मलमलच्या कपड्यातून चाळा, खाली जे पिवळसर पीठ पडेल ते चिरोटी रव्याच्या जागी वापरा. मैद्याची पारी लाटली की मागे ओढली जाते, ड्युरमची जिथे लाटली तिथे राहते. हाताने लाटणाऱ्याला याचा फार आधार. निव्वळ ड्युरमची मात्र नको. ती ताणली जाते पण लवकर तुटते, म्हणून निम्मा मैदा असूच द्या.

लाटणंपोळपाट

पातळ म्हणजे किती? मशीनवाले सहा नंबर, सात नंबर म्हणतात, मला ते काय उपयोगाचं?

रवामैदा

वजनावरून काढा. ५० ग्रॅमचा गोळा २३ सेंटिमीटर व्यासाचा लाटला की जाडी साधारण १ मिलिमीटर होते. तोच २६ सेंटिमीटरपर्यंत नेला की ०.८. हाताने लाटताना ०.८ ते १ पुरे. पोळपाटाचा व्यास एकदा मोजून ठेवा, मग दरवेळी पट्टी लागत नाही. दुसरी खूण: पारी उचलून खाली हात धरा, बोटांची आकृती दिसली पाहिजे. छापलेली अक्षरं वाचता येऊ लागली तर फार पातळ झाली, मशरूमच्या ओलाव्याने तळ फाटेल.

लाटताना खाली मैदा नाही, रवा भुरभुरा. मैदा ओला झाला की खळ होतो. आणि पारीच्या आतल्या बाजूला, जिथे कड चिकटायची आहे तिथे, काहीच नको. कोरडं पीठ राहिलं तर चिकटलेली दिसते, पाण्यात उघडते. तुमच्या निम्म्या उघडल्या त्यात याचाही वाटा असणार.

कातणं

आकार अर्धचंद्रच करा, चौकोनाच्या मागे लागू नका. इटालियनमध्ये याला मेझालुना म्हणतात, म्हणजे अर्धा चंद्रच. ७ सेंटिमीटरची वाटी उलटी दाबून चकत्या काढा, मध्ये सपाट एक चमचा सारण म्हणजे ८-९ ग्रॅम, अर्ध्या कडेला बोटाने पाण्याची नुसती रेघ. दुधाची गरज नाही. पाणी जास्त झालं तर कड घसरते आणि दाबलं की सारण बाहेर डोकावतं. घडी घातली की दाबायला सुरुवात सारणापासून करायची आणि कडेकडे यायचं. उलट दिशेने दाबलं तर हवा आतच कोंडते.

मग करंजीचं कातणं फिरवा. पास्त्याला जे चाक वापरतात ते आणि आपलं कातणं यात दातांचाच काय तो फरक.

ढिंगरी

सगळे पारीवरच बोलताय. माझ्या मते खरा घोटाळा सारणात आहे. पाच मिनिटं परतलेले मिक्सरमधले मशरूम म्हणजे ओला लगदा. बटण मशरूममध्ये वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते कढईत सोडलं नाही तर राविओलीत सुटणार आणि पारी आतून भिजवणार.

४०० ग्रॅम मशरूम घ्या, म्हणजे दोन पाकिटं. मिक्सर नको, त्यात पेशी फुटून राखाडी पेस्ट होते. सुरीने किंवा दोरीच्या चॉपरने २-३ मिलिमीटरचे कण करा. रुंद कढई, मोठी आच, तेल न घालता मशरूम आत. आधी पाणी सुटेल आणि बुडबुड आवाज येईल. ते आटेपर्यंत ७-८ मिनिटं. मग आवाज बदलतो, चरचर सुरू होते. इथे बहुतेक लोक गॅस बंद करतात. इथून पुढे अजून पाच-सहा मिनिटं लागतात. आता एक चमचा बटर, दोन पाकळ्या बारीक लसूण, थोडं थाइम, आणि कण कडेने तांबूस होईस्तोवर परता.

शेवटी वजन करा. ४०० ग्रॅमचे १५०-१६० राहिले पाहिजेत. २२० भरले तर कढई परत गॅसवर. जास्त परतल्याने मशरूम चिवट होतील ही भीती नको. त्यांच्या पेशींची भिंत कायटिनची असते, ती उष्णतेने मांसासारखी आक्रसत नाही.

खमंग

मीठ शेवटी घालायचं हे राहिलं. आधी घातलं तर पाणी सुटतं.

ढिंगरी

तुकडे तांबूस परतून तसेच खायचे असतील तर तुमचं बरोबर. सारणात आपल्याला पाणी सुटायलाच हवंय, त्यामुळे आधी घातलं तरी बिघडत नाही, उलट लवकर आटतं. फक्त हात आखडता ठेवा. ४०० चे १५० झाले की मीठही अडीच पट बोचतं, वर चीज खारटच असतं.

धुण्याबद्दल कुणी विचारायच्या आधीच सांगते: नळाखाली पटकन धुवून पुसा. पाणी आटवायचंच आहे, त्यामुळे एकेक मशरूम ओल्या कपड्याने पुसत बसण्यात अर्थ नाही. आणि पावसाळ्यात माळावर उगवलेल्या छत्र्या कितीही ओळखीच्या वाटल्या तरी यात नकोत.

पुढचं माप: गार झालेले मशरूम १५० ग्रॅम, घट्ट पनीर १०० ग्रॅम तळहाताने मळून, किसलेलं जुनं चीज ३० ग्रॅम, मिरपूड, आणि जायफळ दोनदा किसणीवर फिरवून. चक्का घालू नका, आंबट होतं आणि पाणीही सोडतं. हे अर्धा तास फ्रीजमध्ये. मग एक चमचा सारण कागदी नॅपकिनवर ठेवून दाबा. कागदावर पाण्याचं वर्तुळ पसरलं तर साध्या ब्रेडचा कोरडा चुरा एक-दोन चमचे मिसळा. आपल्याकडच्या टोस्टचा चुरा नको, त्याचा गोडवा मशरूमला मारून टाकतो.

शाकाहारीच

चीजबद्दल एक सावधानता. पाहुणे काटेकोर शाकाहारी असतील तर अस्सल इटालियन पार्मिजानो चालणार नाही, ते रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजतात. पाकिटावर मायक्रोबियल रेनेट लिहिलेलं चीज घ्या.

आणि जैन पाहुण्यांसाठी लसूण काढून हे करू का, असं पुढच्या धाग्यात विचारू नका. ते मशरूमच खात नाहीत.

बाफलेवाला

शिजल्याची खूण काय धरायची? बाफले पाण्यात वर आले की काढतो, तसंच ना भिया?

कातणं

नाही, इथेच फसगत होते. बाफला भरीव असतो. राविओलीत थोडी का होईना हवा राहतेच, त्यामुळे ती मिनिट-दीड मिनिटातच वर येते आणि तेव्हा कड कच्ची असते. वर आल्यावर आणखी दोन-अडीच मिनिटं द्या. एक काढून कडेचाच तुकडा तोडून खा. मध्यभाग चाखून काही कळत नाही.

पाणी: ४ लिटर, लिटरला १० ग्रॅम मीठ, म्हणजे पाणी आमटीइतकं खारट. एका वेळी १५ नग, जास्त नाही. आधी खळखळून उकळी, राविओली सोडल्या की आच कमी करून मंद उकळीवर ठेवा. खळखळत्या पाण्यात त्या एकमेकींवर आपटून फुटतात. चाळणीत ओतू नका, झाऱ्याने उचला. पाण्यात तेल नको, नंतर थंड पाण्याने धुणंही नको. दोन्हींमुळे सॉस अंगाला लागत नाही.

इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. इटालियन पुस्तकातल्या वेळेत अर्धं मिनिट मिळवा, बाकी काही नाही.

बेरी

सॉसवर अजून कुणी नीट बोललं नाही, आणि ताटलीतलं तळं तिथलंच आहे.

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, १६ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेला थोडा दुधाचा कोरडा अंश. लोणी कढवताना काय होतं ते आपल्याला पाठ आहे: आधी फेस, मग पाणी उडाल्यावर आवाज शांत, मग तळाशी बेरी तांबूस. ब्राउन बटर म्हणजे बेरी बदामी झाली त्या क्षणी थांबवलेलं कढवणं, फक्त गाळायचं नाही. चव त्या बेरीतच आहे. म्हणूनच "तूपच वापरू का" याचं उत्तर नाही असं. तुपातली बेरी आणि पाणी दोन्ही गेलेलं असतं, ते पास्त्याच्या पाण्याशी मिळून येत नाही.

मीठ नसलेलं बटर घ्या. घरचं ताजं लोणी उत्तम, पण तीन-चार पाण्यांनी धुऊन ताक काढा, नाहीतर अर्धा वेळ नुसता तडतडाट. खारं बटर वापरलंच तर सारणात आणि पाण्यात मीठ कमी करा.

चार जणांना १०० ग्रॅम. स्टीलचं पसरट पातेलं, काळी कढई नको, तळाचा रंग दिसला पाहिजे. मध्यम आचेवर ७० ग्रॅम बटर, ३० ग्रॅम फ्रीजमध्येच राहू द्या. फेस बसायला लागला की पानं सोडा, ३०-४० सेकंदात कुरकुरीत होतात, काढून ठेवा. तळ बदामी आणि वास भाजलेल्या काजूसारखा आला की गॅस बंद. बदामीपासून काळ्यापर्यंत वीस-पंचवीस सेकंद लागतात, आणि पातेलं गरम असतं तोवर रंग पुढे सरकतच राहतो. म्हणून लगेच राविओलीचं पाणी, एक डाव म्हणजे ६०-७० मिली. चेहरा लांब ठेवा, उसळतं. आता मंद आचेवर राविओली आत, उरलेलं गार बटर तुकडे करून आत, आणि पातेलं हलवत रहा. ढवळू नका. पाण्यातला स्टार्च आणि गार बटर मिळून सॉस दुधाळ, दाटसर होतो. तेल सुटताना दिसलं तर सॉस फार आटलाय, एक चमचा पाणी घालून पुन्हा हलवा. लिंबाचा रस चमचाभर, गॅस बंद केल्यावर.

तुमचं तळं झालं ते पाणी आणि बटर वेगवेगळं वर ओतल्यामुळे.

लाटणंपोळपाट

हे वाचूनच वास आला. पण पानं कुठली? सेज नाहीच मिळालं तर?

मरवा

सेजची वाळलेली भुकटी घेऊ नका, ती कुरकुरीत होत नाही, नुसती कडवट लागते. ताज्या पानांत माझी पहिली पसंती मरवा. गजऱ्यात माळतो तोच. तो मार्जोरमच आहे आणि इटलीतल्या लिगुरियात तो भरलेल्या पास्त्याच्या सारणातही घालतात. पण फुलबाजारातला नको, त्यावर काय फवारलंय कोण जाणे. कुंडीतला घ्या. पानं नाजूक असतात, त्यामुळे तळायची नाहीत, गॅस बंद केल्यावर दोन चमचे.

ओव्याची जाड पानं थाइमच्या जवळची, पण पाणीदार. अख्खी बटरमध्ये टाकली तर स्फोट होतो. बारीक चिरून, टिपून, चारच पानं. तुळस बेझिलच्या जागी नको, लवंगेसारखी चव वर येते. कढीपत्ता कुरकुरीत छान होतो, पण मग तो फोडणीचा पदार्थ झाला. वाईट नाही, वेगळा.

खमंग

वर थोडं जीरावन भुरभुरलं तर?

मरवा

पोह्यांवर भुरभुरा.

छावणीकर

आठ जणांचं म्हणजे ६० नग. शनिवारी सगळं करायला बसलात तर पाहुणे आले तरी पीठ हातालाच. शुक्रवारी करून ठेवा, पण कच्च्या राविओली फ्रीजमध्ये रात्रभर नकोत. खालचा तळ भिजतो, अंड्याशिवायचं पीठ सकाळपर्यंत राखाडी पडतं. रवा भुरभुरलेल्या ताटात एकमेकींना न लावता फ्रीझरमध्ये दोन तास, दगडासारख्या झाल्या की पिशवीत. शनिवारी न वितळवता सरळ उकळत्या पाण्यात, मिनिट-दीड मिनिट जास्त. वितळू दिल्या तर पहिल्या दिवशीचंच फुटणं पुन्हा. गोठलेल्या एका वेळी दहाच सोडा, पाणी गार पडतं.

आणि मे महिन्यात करत असाल तर पंखा बंद. इथल्या कोरड्या हवेत लाटलेली पारी पाच मिनिटांत पापडासारखी होते आणि घडीवर चिरते. एक गोळा लाटा, भरा, मग दुसरा. पावसाळ्यात उलट, पाणी १०० ऐवजी ९५ मिली.

शाकाहारीच

सॉस आठ जणांचा एका पातेल्यात करू नका. दोनदा चार-चार जणांचा करा. जास्त बटर एकदम बदामी करायला गेलं की तळ करपतो आणि वरचं पिवळंच राहतं.

लाटणंपोळपाट

काल दहा नगांची चाचणी केली. रवा-मैदा निम्मे, मोहन नाही, मशरूम ४०० चे १५५ ग्रॅमवर आणले. एकही उघडली नाही. कड अजून किंचित जाड आहे, दाबायचा हात बसायला हवा. सॉस धरला. कुंडीत मरवा होता.

एकच प्रश्न राहिला, वाटीने चकत्या कापल्यावर पारीचा बराच भाग उरतो. परत मळून लाटला तर चालेल?

रवामैदा

एकदा चालेल, पंधरा मिनिटं विश्रांती देऊन. दुसऱ्यांदा नाही, तोवर त्यात भुरभुरलेला रवा इतका मुरलेला असतो की पारी भरभरीत होते.

कातणं

मळूच नका. कातण्याने वेडेवाकडे तुकडे कापून सुकवा. इटलीत अशा तुकड्यांना मालताल्याती म्हणतात, म्हणजे वाईट कापलेले, आणि ते घेवड्याच्या सूपमध्ये घालतात. आपण रविवारी उकळत्या आमटीत सोडू, चकोल्या म्हणून.